फुप्पीच्या अंगणातला ट्रॅक्टर

२ ऑक्टोबरला शाळेला सुट्टी होती. २०२५ साली गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी आले होते. फजरची नमाज झाल्यावर डबा भरला, औषधांची आणि मेणबत्त्यांची पिशवी घेतली आणि लातूरच्या बसस्थानकावर जाऊन औशाकडे जाणारी एसटी पकडली. चार दिवस फुप्पीचा फोन लागत नव्हता. शेवटी लागला तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "घर में पानी आया था बेटी, गया. अब कीचड है. तू नक्को आ, रस्ता खराब है."

फुप्पी 'येऊ नको' म्हणते तेव्हा जायचंच असतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

फुप्पी म्हणजे माझ्या अब्बांची थोरली बहीण. वय पंच्याहत्तरीच्या आसपास. फुपांना जाऊन बारा वर्षं झाली. मुलगा पुण्याला एका कारखान्यात कामाला, मुलगी हैदराबादला दिलेली. दोन एकर कोरडवाहू जमीन बटईने दिलेली आणि ओढ्याच्या काठावर दगडमातीचं घर. मुलाने कितीदा पुण्याला नेलं, पण पंधरा दिवसांच्या वर ती तिथे टिकली नाही. "वहाँ बाजूवाले का नाम भी नै मालूम," हे तिचं कारण.

गाव औसा तालुक्यातलं. लातूरहून निघालं की वीसेक किलोमीटरवर औसा लागतं, किल्ल्याचा तट मागे पडतो आणि मग दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू होते. एरवी दसऱ्याच्या सुमारास या रस्त्याने जाताना सोयाबीनच्या काढणीची घाई दिसते. खळ्यांवर मळणीयंत्रं घुमत असतात, हवेत भुस्सा असतो. यंदा शेतांत पाणी उभं होतं. सोयाबीनच्या शेंगा झाडावरच काळ्या पडलेल्या, काही ठिकाणी शेंगांतूनच कोंब आलेले. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्याची अशी दशा केली होती. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच जिल्ह्यात आता लोक घरातलं पाणी बादल्यांनी बाहेर फेकत होते. एसटीत कुणी फारसं बोलत नव्हतं. एक शेतकरी तेवढा खिडकीतून बघत पुटपुटला, "आता काढून तरी काय करायचं?"

लामजना पाटीवर उतरले. तिथून पुढे एका ओळखीच्या जीपने ओढ्यापर्यंत सोडलं. पुलावर गाळ होता. चप्पल हातात घेतली आणि चालत गावात शिरले.

मोहल्ल्याच्या तोंडाशी आले तर इंजिनाचा आवाज. मला वाटलं, कुणाची तरी मोटर चालू असेल. वळून बघते तर फुप्पीच्या अंगणात एक लहानसा ट्रॅक्टर! उंचीला माणसाच्या खांद्याएवढा, रुंदीला तीनेक फूट. त्याच्या मागे एक जाड लोखंडी पातं लावलेलं होतं. वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा तो ट्रॅक्टर मागे घेत घेत अगदी ओसरीच्या पायरीपर्यंत आणायचा, पातं खाली सोडायचा आणि पुढे जायचा. पात्यासोबत गाळाचा जाड थर घसरत गल्लीत यायचा. तिथे चार पोरं खोरं आणि टोपली घेऊन उभी होती. ती तो गाळ ट्रॉलीत भरत होती. फुप्पी ओसरीवर बाजेवर बसून हात हलवून सूचना देत होती, जणू सगळं गाव तिच्याच हुकमाने साफ होत होतं.

"चाची, पाय वर घ्या," मुलगा ओरडला. "गाळ वाळलालाय, आजच काढावं लागतंय. उद्या दगड होतोय त्याचा."

त्याचं म्हणणं खरं होतं. आमची काळी माती ओली असते तेव्हा लोण्यासारखी, आणि वाळली की फुटायला पहार मागते. पाणी ओसरल्या ओसरल्या यंत्र घातलं तर चाकं जागीच फिरतात आणि रुततात. फार थांबलं तर थर घट्ट होतो, त्याला भेगा पडतात आणि पातं वरून नुसतं घसरत जातं. मधले दोन-तीन दिवसच कामाचे. ते दिवस अचूक ओळखणं हे त्या पोराचं शिक्षण होतं, आणि ते कुठल्याही शाळेत मिळालेलं नव्हतं.

जेसीबी शिरत नाही तिथे

ट्रॅक्टर कुणाचा, हे मी फुप्पीला दबक्या आवाजात विचारलं. तिने हनुवटीने ओढ्यापलीकडे दाखवलं. म्हणाली, "उन लोगां का है. बचत गट का."

ओढ्यापलीकडे बौद्धवाडा आहे. तिथल्या बचत गटाला समाजकल्याण विभागाच्या योजनेतून हा मिनी ट्रॅक्टर मिळाला होता. आपल्या वाचकांपैकी अनेकांना ही योजना ठाऊक नसेल. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर आणि त्याची अवजारं घेण्यासाठी साडेतीन लाख रुपयांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदान मिळतं. म्हणजे ३ लाख १५ हजार सरकारचे आणि ३५ हजार गटाचे. गटातले किमान ८० टक्के सभासद आणि अध्यक्ष, सचिव या घटकांतलेच असावे लागतात. या गटाने ते ३५ हजार महिन्याला थोडे थोडे जमवून उभे केले. ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुलाची आई गटाची अध्यक्ष.

योजनेत रोटाव्हेटर आणि ट्रॉली मिळाली होती, गाळ ओढायचं पातं मात्र नव्हतं. ते मोहल्ल्यातल्या आमच्या वेल्डिंगवाल्या भाईंनी जुन्या जाड पत्र्याचं करून दिलं. दोन वर्षांपूर्वी शेताचे बांध सारखे करायला म्हणून केलेलं ते पातं यंदा घरांच्या कामी आलं. भाईंनी मजुरी घेतली नव्हती. त्या वेळी ती गोष्ट कुणी लक्षातही ठेवली नसेल, पण हिशेब कुठे तरी राहिलेला असतो.

पूर ओसरल्यावर गावात जेसीबीही आला होता. त्याच्या मालकाने तासाचा दर सांगितला आणि कमीत कमी तीन तासांची अट घातली. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांचं मुख्य रस्त्यावरचं काम झालं. आमच्या मोहल्ल्याच्या गल्लीत तो शिरतच नव्हता. गल्ली बैलगाडी जेमतेम जाईल एवढी.

गल्लीचं हे अरुंदपण मला १९९३ साली पहिल्यांदा कळलं. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक विसर्जन करून उशिरा झोपले होते. जाड दगडी भिंती आणि वर मातीचं वजनदार माळवद अशी ती घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे ८ हजार माणसं गेली. फुप्पीच्या गावात भिंतींना भेगा पडल्या, घरं वाचली. अब्बा आणि फुपा त्याच सकाळी किल्लारीकडे गेले. परत आले तेव्हा अब्बांच्या बोटांची नखं उखडलेली होती. मोठी यंत्रं यायला वेळ लागला. आली तीही ढिगाऱ्यांनी भरलेल्या गल्ल्यांत शिरेनात. लोकांनी दगड हातांनी उचलले. कुणाच्या घराचा दगड कोण उचलतंय, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

नंतर पुनर्वसनात नवी गावं वसली. त्यांचे रस्ते रुंद आहेत. पण जी गावं उठली नाहीत त्यांच्या गल्ल्या तशाच राहिल्या. अशा गावांत संकट येतं तेव्हा दोनच गोष्टी उपयोगी पडतात, माणसाचा हात आणि हाताएवढं यंत्र.

यंत्राशी जपून

मी शिक्षिका असल्यामुळे कौतुक करता करता माझं लक्ष सारखं मुलांकडे जात होतं. मोहल्ल्यातली सगळी पोरं ट्रॅक्टरभोवती जमली होती. मी त्यांना पलीकडच्या ओट्यावर बसवलं. चालवणारा मुलगा खूश झाला. म्हणाला, "बाई, हेच सांगून सांगून घसा बसला."

त्याने मला चार गोष्टी सांगितल्या, त्या इथे लिहून ठेवते. अनेक घरांत आता अशी लहान यंत्रं येत आहेत. ट्रॅक्टर मागे येत असताना मागे कुणीही उभं राहू नये, कारण चालकाला खालचं दिसत नाही. मागच्या फिरत्या दांड्याजवळ ओढणी, पदर, लुंगी घेऊन जाऊ नये. कापड एकदा त्यात गुंडाळलं की माणूस ओढला जातो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. रोटाव्हेटरमध्ये गवत किंवा चिंधी अडकली तर आधी इंजिन बंद, मग हात. आणि काम थांबवताना उचललेलं अवजार नेहमी जमिनीवर टेकवायचं, वर अधांतरी ठेवून चहाला जायचं नाही.

गाळाबद्दल मी एक गोष्ट सांगितली. पुराच्या गाळात विंचू-काटा असतो, फुटकी काच असते, गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. अनवाणी पोरांनी त्यात उतरू नये. पोरांनी माझ्या स्वतःच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मी निमूट चप्पल घातली.

कोनाड्यातला कप

अकराच्या सुमारास अंगण मोकळं झालं. फुप्पी उठली आणि आत गेली. मला वाटलं चहा ठेवायला गेली असेल. ती तिच्या लग्नातल्या पेटीतून चिनी मातीचे कप काढत होती. निळ्या फुलांचे, पातळ काठाचे. आम्ही लहान असताना या कपांना हात लावायची परवानगी नव्हती. जावई आला, काझीसाहेब आले तरच ते बाहेर निघत.

आता मी जे लिहिणार आहे ते लिहायला थोडं जड जातंय.

फुप्पीच्या ओसरीच्या भिंतीत एक कोनाडा आहे. त्या कोनाड्यात एक कप पालथा ठेवलेला असायचा. कान तुटलेला, पांढरा, जाड. माझ्या लहानपणापासून तो तिथेच होता. ओढ्यापलीकडून कुणी कामाला आलं की त्यांनी तो कप स्वतः काढायचा, त्यात वरून चहा ओतला जायचा, पिऊन झाल्यावर त्यांनीच तो धुऊन पुन्हा पालथा ठेवायचा. ती माणसं ओसरीच्या पायरीखाली बसत. आमच्या घरात कुणी हे शिकवलं नव्हतं, आणि तरी सगळ्यांना येत होतं. मदरशात आम्ही शिकत होतो की सगळी माणसं आदमची लेकरं आहेत. मशिदीत सफ लावताना कुणी कुणाच्याही खांद्याला खांदा लावून उभं राहत होतं. आणि ओसरीवर तो कप होता. आपल्या दीनमध्ये शिवाशिव नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. पण आपल्या कोनाड्यांत ती होती, हेही सांगायला हवं.

चहा घेऊन मी बाहेर आले तेव्हा मुलाची आजी ओढा ओलांडून आली होती. नातवाला बघायला आली होती. पांढरं लुगडं नेसलेली. त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन होता, विहारात वंदनेला जायचं होतं आणि नातू अजून गाळात. ती अंगणात उभी राहून सगळीकडे बघत होती. तरुणपणी याच अंगणात तिने किती तरी वर्षं शेण काढलं होतं, सारवण केलं होतं.

फुप्पीने बाजेवर सरकून जागा केली. "ये, बस," ती म्हणाली. आजी क्षणभर पायरीपाशी थांबली. मग चढून वर आली आणि फुप्पीच्या शेजारी बसली. मी निळ्या फुलांचा कप तिच्या हातात दिला. तिने कप फिरवून पाहिला. मग तिची नजर कोनाड्याकडे गेली. कोनाडा रिकामा होता.

"का गं बी," आजी म्हणाली, "इथला तो कप कुठं गेला?"

सगळी पोरं गप्प झाली. म्हणजे त्यांनाही तो कप ठाऊक होता.

"पुरात वाहून गेला," फुप्पी म्हणाली.

आजीने चहाचा घोट घेतला. "बरं झालं," ती म्हणाली.

पुराच्या पाण्याची मातकट रेघ ओसरीच्या भिंतीवर स्पष्ट उमटलेली होती. ती कोनाड्याच्या हातभर खाली होती. मला ती दिसली. आजींनाही दिसली असणार. कुणी काही बोललं नाही. दोघी म्हाताऱ्या सोयाबीनबद्दल बोलू लागल्या.

वही आणि डिझेल

फुप्पीने पदराच्या गाठीतून पाचशेची नोट काढली. मुलाने घेतली नाही. फुप्पी म्हणाली, "बाळा, पैसे घे, नाहीतर मला झोप यायची नाही." मुलगा म्हणाला, "चाची, मायनं वहीत लिवलंय तसंच करावं लागतंय."

ती वही मी नंतर पाहिली. शंभर पानी, वर शाळेच्या वहीसारखं नाव. गटाने पुरानंतर बसून नियम ठरवले होते. शेताचं काम नेहमीच्या भाड्याने, कारण त्यावर गटाचं पोट आहे. पुराचा गाळ काढायचं भाडं नाही, ज्याला जमेल त्याने डिझेल द्यावं. एकट्या राहणाऱ्या बाया, म्हातारी माणसं यांच्याकडून डिझेलही नाही. पहिली घरं त्यांची. त्या दिवसापर्यंत अकरा घरं झाली होती. त्यांत चार आमच्या मोहल्ल्यातली, तीन मराठा वस्तीतली, एक धनगराचं, तीन त्यांची स्वतःची. स्वतःची घरं यादीत शेवटी होती. बाराव्या कामापुढे लिहिलं होतं, 'कब्रस्तानची वाट'. पावसात एक मय्यत झाली होती आणि जनाजा गुडघाभर चिखलातून न्यावा लागला होता. ते बघून गटाच्या बायकांनीच ते काम लिहून घेतलं होतं. कुणी सांगायला गेलं नव्हतं.

ही रीत नवी नाही. आपल्या शेतकऱ्यांत सावड होती. दोघांकडे एकेक बैल असला की दोघं मिळून औत धरत, आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. इर्जिक होती. एखाद्याचं काम अडलं की शेजारी औतं घेऊन येत आणि तो त्यांना जेवू घाली. ट्रॅक्टर आला, तासाचा दर आला आणि सावड मोडली. यंत्राने माणसं तोडली असं आपण म्हणतो. या वहीत मला दिसलं की यंत्र बिचारं काहीच तोडत नाही. ज्याच्या हाती ते आहे, तो ठरवतो.

दूर कॅनडात माझी एक मावसबहीण राहते. तिला मी त्या लहान ट्रॅक्टरचा फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. तिच्याकडे उन्हाळ्यात गवत कापायला लोक असंच लहान यंत्र वापरतात आणि हिवाळ्यात त्यालाच पुढे पातं लावून बर्फ ढकलतात. तिच्या शेजारचा एक निवृत्त माणूस पहाटे उठून आधी स्वतःचं अंगण मोकळं करतो आणि मग न विचारता गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या दारापुढचा बर्फ काढतो. "मला चार वर्षांत त्याच्याशी दहा वाक्यंही बोलायला मिळाली नाहीत," ती म्हणाली, "पण बर्फ पडला की मी घाबरत नाही." आमच्याकडे बर्फ पडत नाही. आमच्याकडे गाळ येतो. दार अडतं ते मात्र दोन्हीकडे सारखंच.

माऊन

कुरआनमधल्या १०७ व्या सूरेचं नाव 'अल-माऊन' आहे. सात आयतींची लहानशी सूरा, आपल्या मुलांना पाठ असते. माऊन म्हणजे रोजच्या वापरातल्या साध्या वस्तू. बादली, हंडी, कुऱ्हाड, अशा एकमेकांना सहज दिल्या-घेतल्या जाणाऱ्या वस्तू, असं भाष्यकारांनी सांगितलं आहे. या वस्तू द्यायला जे हात आखडतात त्यांची त्या सूरेत कडक निंदा आहे. आणि सूरा अन-निसाच्या ३६ व्या आयतीत शेजाऱ्याचा हक्क सांगताना नात्यातला शेजारी आणि परका शेजारी, दोघांचाही उल्लेख आहे. शेजारी आपल्या दीनचा असावा अशी अट त्यात नाही.

ही सूरा मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवते. तरी बादली या शब्दाशी मी अडखळते. त्याचं कारण २०१६ चा उन्हाळा.

त्या वर्षी लातूरचे नळ कोरडे पडले. पाणी भरायच्या जागी गर्दी आणि मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून ३४२ किलोमीटर अंतर कापून पहिली पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्या कॉलनीत आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा. आम्ही हौदाच्या झाकणाला कुलूप लावलं होतं. सगळेच लावत होते. एके दिवशी दुपारी मागच्या पत्र्याच्या खोलीत राहणारी बाई रिकामी बादली घेऊन दारात आली. तिचं बाळ तापाने फणफणलं होतं, अंग पुसायला पाणी हवं होतं. मी म्हणाले, "उद्या टँकर आला की देते." हौदात पाणी होतं. दुसऱ्या दिवशी टँकर आला. मी तिची वाट पाहिली. ती आली नाही. आठवड्याने खोलीला कुलूप दिसलं, ते लोक गावाकडे निघून गेले होते. बाळाचं काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

फुप्पीच्या कोनाड्यातला कप मला लगेच दिसला, कारण तो फुप्पीचा होता. माझ्या हौदाचं कुलूप मात्र मी नऊ वर्षं कुणाला दाखवलं नव्हतं.

पेन

दुपारी जुहरनंतर मी वहीवाल्या ताईंना भेटायला ओढा ओलांडून गेले. इतक्या वर्षांत मी त्या बाजूला पहिल्यांदाच गेले. विहारात वंदना होऊन गेली होती, लोक व्हरांड्यात बसले होते. ताईंनी मला सतरंजीवर बसवलं आणि स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. मी ते प्यायले. पाणी पिणं इतकं साधं असतं.

घरात पाणी शिरलेल्यांचे आणि पीक गेलेल्यांचे पंचनामे सुरू होते. तलाठ्याकडे द्यायचे अर्ज, आधार, पासबुकाच्या झेरॉक्स, नावातल्या चुका, कुणाच्या खात्याचा क्रमांक धुऊन गेलेला. ताई म्हणाल्या, "ट्रॅक्टर चालवायला पोरं हायत, पण लिवायला माणूस नाही." माझ्याकडे ट्रॅक्टर नाही, पण पेन आहे. संध्याकाळपर्यंत मी तिथे बसून अर्ज लिहिले. बौद्धवाड्यातले, मोहल्ल्यातले, मराठा वस्तीतले, जो येईल त्याचे. शेवटी ताईंनी वही उघडली आणि त्यात लिहिलं, 'बाई – अर्ज – तेवीस'. मी म्हणाले, "हे कशाला लिहिता?" त्या म्हणाल्या, "हिशेब ठेवला की उपकार वाटत नाही. पुढच्या वेळी हक्कानं बोलवता येतंय."

उपकार आणि हक्क यांतला फरक मला एवढ्या सोप्या शब्दांत कुठल्याच प्रशिक्षणात कुणी सांगितला नव्हता.

परत आले तेव्हा फुप्पी ओल्या कपड्यांचा ढीग पुढे घेऊन बसली होती. पुरात भिजलेल्या साड्या आणि लुंग्या धुऊन, वाळवून तिने जुळवायला घेतल्या होत्या. गोधडी शिवणार होती. "पैसे नै लिया उन्ने," ती म्हणाली, "अब जाडे में ओढना तो लेना पडेगा." तिच्या डोळ्यांना आता सुईत दोरा ओवता येत नाही. मी पाच-सहा सुया ओवून उशीला खोचून ठेवल्या.

अंधार पडायच्या आत निघायचं होतं. लामजना पाटीपर्यंत मला त्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सोडलं. ट्रॉली पाण्याने धुऊन, वर पोतं अंथरलं होतं. ओढ्याच्या पुलावर मुलाने ट्रॅक्टर हळू केला. कब्रस्तानची वाट उजवीकडे वळते तिथे गाळ अजून तसाच होता. "उद्या सकाळी," तो म्हणाला.

लातूरला घरी पोचले तेव्हा आठ वाजले होते. हौदाच्या झाकणाला अजूनही कडी आहे. कुलूप केव्हाचं निघालं, कडी तशीच राहिली होती. दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्यापूर्वी भाईंसारख्याच एका वेल्डिंगवाल्याला बोलावून ती कापून घेतली. त्याने मजुरी विचारली तेवढी दिली. मग समोरच्या घराची बेल वाजवली. तीन वर्षांपासून ते लोक तिथे राहत होते. मी त्यांचं नाव विचारलं.